पगाराच्या स्लिपमागच्या पर्किन्सबाई

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. मुलगा न्यू जर्सीत, संगणकाच्या कामावर. मागच्या महिन्यात गुरुजी मोबाईल हातात धरून माझ्याकडे आले. मुलानं पगाराची स्लिप पाठवली होती आणि तिच्यातल्या एका ओळीवर गुरुजींचं बोट अडकलं होतं. सोशल सिक्युरिटी, ६.२ टक्के. त्याखाली मेडिकेअर, १.४५ टक्के. पोरगा बेळगावला परत यायचं म्हणतोय, तर हे पैसे मिळणार की बुडणार, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी बातमीदार असलो तरी मूळचा बी.कॉम.; प्रॉव्हिडंट फंडाचे फॉर्म भरून घ्यायला गल्लीतले लोक अजून माझ्याचकडे येतात. म्हणून हा प्रश्नही माझ्याच पदरात पडला.

उत्तर शोधता शोधता मी एका बाईंपाशी पोहोचलो. फ्रान्सिस पर्किन्स. अमेरिकेच्या इतिहासात मोठं नाव, आपल्याकडे मात्र फारसं ऐकू येत नाही. १९३३ ते १९४५ अशी बारा वर्षं त्या अमेरिकेच्या कामगारमंत्री होत्या. त्या देशाच्या केंद्रीय मंत्रिमंडळात बसलेली ही पहिली बाई. गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी सांगतो, कारण बाईंची गोष्ट कळल्याशिवाय ते उत्तर अन्याय वाटेल. कळल्यावरही थोडा वाटेलच.

पर्किन्सबाईंचा जन्म १० एप्रिल १८८० चा, बॉस्टन शहरातला. पाळण्यातलं नाव फॅनी. वडिलांचं वूस्टर गावात वह्या-कागदांचं दुकान. घर खाऊनपिऊन सुखी, देवभोळं आणि जुन्या विचारांचं. गरीब माणूस दारूमुळे नाहीतर आळसामुळे गरीब असतो, अशी त्या घरातली समजूत. (आपल्याकडच्या बऱ्याच घरांत ती आजही आहे, त्यामुळे अमेरिकेला हसायचं कारण नाही.) मुलगी माउंट होलिओक या मुलींच्या कॉलेजात गेली. मुख्य विषय भौतिकशास्त्र. पण आर्थिक इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी मुलींना वर्गातून उठवून जवळच्या गिरण्यांत नेलं आणि तिथली माणसं कशी राबतात ते वहीत उतरवून आणायला लावलं. हात तुटलेला चांगला कामसू माणूसही दुसऱ्या दिवशी भिकेला लागतो, त्याचा दारूशी काही संबंध नसतो, हे तिला तिथे दिसलं.

पुढची काही वर्षं पटकन सांगतो. शिकागोजवळ मास्तरकी, सुट्टीच्या दिवशी हल हाउस या सेवाकेंद्रात काम, फॅनीचं फ्रान्सिस करून घेणं, फिलाडेल्फियात कामाच्या शोधात शहरात येणाऱ्या मुलींना नाडणाऱ्यांच्या मागे लागणं. मग न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात एम.ए., १९१० साली. वडोदऱ्याच्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगायला हवी. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली याच विद्यापीठात दाखल झाले. पुढे हे दोघंही आपापल्या सरकारात कामगार खातं सांभाळणार होते आणि १९४२ ते १९४५ ही तीन वर्षं तर एकाच वेळी.

आता तो दिवस. २५ मार्च १९११, शनिवार, दुपारचे साडेचार वाजून गेलेले. फ्रान्सिस वॉशिंग्टन चौकात एका ओळखीच्या बाईंकडे चहाला गेल्या होत्या. बाहेर आरडाओरडा झाला, आगीच्या बंबांचा आवाज आला, त्या धावत बाहेर पडल्या. चौकाच्या पलीकडे दहा मजली इमारत. तिच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रायंगल नावाचा बायकांचे ब्लाउज शिवण्याचा कारखाना होता. आठव्या मजल्यावर चिंध्यांच्या पेटीत ठिणगी पडली आणि आग वर चढली. नवव्या मजल्यावर दोनशेच्या वर माणसं कामाला, बहुतेक सोळा ते वीस-बावीस वर्षांच्या मुली, ज्यू आणि इटालियन, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या. त्या मजल्यावरचा एका बाजूचा दरवाजा कुलूपबंद होता. मुली कापड चोरून नेतील म्हणून एकच दार उघडं ठेवायचं आणि जाताना पिशव्या तपासायच्या, अशी तिथली रीत. बाहेरचा लोखंडी जिना वजनानं वाकून तुटला. अग्निशामक दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होती. मुली खिडकीच्या कठड्यावर आल्या आणि उड्या मारू लागल्या. काही एकमेकींचे हात धरून. खाली धरलेली जाळी फाटत होती. फ्रान्सिस खाली उभ्या राहून हे बघत होत्या.

अर्ध्या तासात सगळं संपलं. १४६ माणसं गेली, त्यात १२३ बाया आणि मुली. मालक दहाव्या मजल्यावर होते, ते गच्चीवरून निसटले. त्यांच्यावर खटला झाला, त्याच वर्षी डिसेंबरात निर्दोष सुटले. दरवाजाला कुलूप आहे हे त्यांना त्या क्षणी माहीत होतं, असं सिद्ध झालं नाही. तीन वर्षांनी दिवाणी दाव्यात मेलेल्या मुलींच्या काही कुटुंबांना माणशी ७५ डॉलर मिळाले. विमा कंपनीकडून मालकांना मिळालेला पैसा त्याच्या कितीतरी पट होता. मी हिशेब शिकलेला माणूस. हा ताळेबंद वाचून दोन दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

याच्या आदल्याच दिवशी एक गोष्ट घडली होती. कामावर अपघात झाला तर मालकानं भरपाई द्यायची, असा कायदा न्यूयॉर्क राज्यानं १९१० साली केला होता. तो २४ मार्च १९११ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवला. मालकाची चूक नसताना त्याच्या खिशातून पैसे काढणं म्हणजे त्याची मालमत्ता हिरावणं, असा तो विचार. आणि त्याच वेळी समुद्रापलीकडे जर्मनीत? तिथे कामावरच्या अपघाताचा विमा १८८४ पासून होता. आजारपणाचा विमा त्याच्याही आधी, १८८३ चा. म्हातारपणाची पेन्शन १८८९ ची, तेव्हा सत्तर वर्षं पूर्ण झाल्यावर. बिस्मार्क काही कामगारांचा कैवारी नव्हता. समाजवाद्यांच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची म्हणून त्यानं हे केलं. पण केलं. लॉइड जॉर्ज १९०८ साली जर्मनीत जाऊन ती व्यवस्था बघून आले आणि १९११ साली ब्रिटनमध्ये आजारपणाचा आणि काही धंद्यांपुरता बेकारीचा विमा आला. कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. म्हणजे जगातल्या तीन श्रीमंत देशांपैकी दोघांकडे कामगाराच्या पाठीशी काहीतरी होतं, आणि तिसऱ्याकडे, जो सगळ्यांत श्रीमंत होऊ घातला होता त्याच्याकडे, ७५ डॉलर होते. तेही दावा लावून.

आगीनंतर राज्यानं कारखान्यांची चौकशी करायला आयोग नेमला. अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर, उपाध्यक्ष अल स्मिथ, दोघंही मुरलेले राजकारणी. पर्किन्सबाई तपास करणाऱ्यांत. बाईंची पद्धत साधी होती. आमदारांना अहवाल वाचायला द्यायचा नाही, उचलून नेऊन दाखवायचं. पहाटे गिरणीतून रात्रपाळी संपवून बाहेर पडणाऱ्या बायांपुढे त्यांना नेऊन उभं केलं. डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात पाच-सहा वर्षांची पोरं शेंगा सोलत बसलेली दाखवली. एका ठिकाणी आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट म्हणून भिंतीतलं एक भोक होतं, त्यापुढे बर्फानं माखलेली शिडी. त्या भोकातून वॅग्नरसाहेबांना रांगत बाहेर जायला लावलं. तीन-चार वर्षांत न्यूयॉर्कमध्ये सुमारे ३६ कायदे झाले. कामाच्या वेळात दार बंद ठेवायचं नाही, दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, ठराविक काळानं आगीचा सराव झाला पाहिजे. आज आपल्याकडच्या मॉलमध्ये किंवा कारखान्यात बाहेर उघडणारं लाल दांड्याचं दार दिसतं, तेव्हा मला आता ट्रायंगल आठवतो.

याच काळात बाईंनी एक तडजोड केली, ती त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची चावी आहे असं मला वाटतं. बायकांना आठवड्याला ५४ तासांपेक्षा जास्त काम नको, असं विधेयक १९१२ साली आलं. विरोधकांनी डाव टाकला. डबाबंद मालाचे कारखाने यातून वगळले. अंदाज असा, की बाई तत्त्वाच्या पक्क्या आहेत, असलं अर्धवट विधेयक त्या नाकारतील आणि ते आपोआप मरेल. बाईंनी ते स्वीकारलं. बाकीच्या लाखो बायांना आज मिळतंय, उरलेल्यांसाठी उद्या भांडू, असा हिशेब. वगळलेल्या बाया उद्यापर्यंत काय करतील, हा प्रश्न मात्र राहतोच. तो बाईंच्या मागे जन्मभर राहिला.

१९१३ साली पॉल विल्सन यांच्याशी लग्न. माहेरचं नाव बदललं नाही, त्यावरून त्या काळी बरीच चर्चा झाली. तीन वर्षांनी मुलगी. मग नवऱ्याचे पैसे सट्ट्यात बुडाले, आणि १९१८ पासून त्याच्या मनाचं आजारपण सुरू झालं, ते कायमचंच. कधी घरी, कधी इस्पितळात. औषधोपचार, मुलीची शाळा, घरभाडं, सगळं बाईंच्या पगारावर. आजारी माणूस घरात असला की विमा नसलेल्या घराची काय अवस्था होते, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. याबद्दल त्या बाहेर अवाक्षर काढत नसत.

अल स्मिथ राज्यपाल झाल्यावर १९१९ साली त्यांनी बाईंना राज्याच्या औद्योगिक आयोगावर घेतलं. १९२९ ला फ्रँकलिन रूझवेल्ट राज्यपाल झाले, त्यांनी कामगार खात्याचं प्रमुखपद दिलं. त्याच वर्षी शेअरबाजार कोसळला. बेकारी कमी होतेय, असं १९३० च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी सांगितलं. बाईंनी आपल्याकडचे आकडे तपासले आणि वार्ताहरांना बोलावून ते खोटं असल्याचं जाहीर केलं. खालच्या खात्याच्या एका बाईनं राष्ट्राध्यक्षांचा हिशेब चुकीचा ठरवला! रूझवेल्ट खूश. १९३१ साली त्यांनी बाईंना बेकारीचा विमा कसा चालतो ते बघायला इंग्लंडला पाठवलं. वीस वर्षांपूर्वी लॉइड जॉर्ज जर्मनीला गेले होते, तशा या इंग्लंडला. तिथला बेकारी निधी तेव्हा कर्जावर चालला होता, कारण मंदीत वर्गणी भरणारे कमी आणि घेणारे फार झाले होते. चांगली योजना पैशाच्या बांधणीत कच्ची राहिली तर काय होतं, तेही तिथे बघायला मिळालं.

१९३३ च्या फेब्रुवारीत, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेण्याआधी, रूझवेल्ट यांनी बाईंना न्यूयॉर्कच्या घरी बोलावलं. कामगारमंत्री व्हा, असा आग्रह. बाई हातात एक कागद घेऊन गेल्या होत्या. त्यावर यादी. राज्यांना बेकारांसाठी थेट केंद्राचा पैसा, आठवड्याला चाळीस तास काम, किमान वेतन, अपघाताची भरपाई, बेकारीचा विमा, म्हातारपणाची पेन्शन, मुलांच्या मजुरीवर बंदी आणि सगळ्यांसाठी आरोग्य विमा. हे करायचं असेल तरच येते, नाहीतर नको. रूझवेल्ट हो म्हणाले. मंत्रिपद घेण्याआधी अटी घालणारी माणसं असतात. अटी स्वतःसाठी नाहीत, अशी थोडी.

स्वागत काही बरं झालं नाही. कामगार संघटनांचे पुढारीच नाराज, कारण बाई संघटनेतून आलेल्या नव्हत्या, शिवाय बाई. देशात दर चार कामगारांमागे एक बेकार होता. बाई काळा झगा, गळ्याशी मोत्यांची माळ आणि तीन टोकांची हॅट असा पोशाख घालायच्या, तोही विचारपूर्वक. पुरुष राजकारण्यांना आपली आई आठवली की ते जरा नीट वागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं आणि अशी निरीक्षणं त्या एका पाकिटात जमवून ठेवत.

१९३४ साली अमेरिका आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची सभासद झाली, यातही बाईंचा वाटा. गंमत अशी, की त्या संघटनेची पहिली परिषद १९१९ साली वॉशिंग्टनमध्येच भरली होती. तिथे हिंदुस्थानातल्या कामगारांच्या वतीनं मुंबईचे नारायण मल्हार जोशी हजर होते. यजमान देश मात्र पंधरा वर्षं सभासदच नव्हता.

त्याच वर्षी आर्थिक सुरक्षेसाठी मंत्र्यांची समिती झाली, अध्यक्ष पर्किन्सबाई. मोठी भीती सर्वोच्च न्यायालयाची. केंद्रानं पेन्शन द्यायची तर घटनेतल्या कुठल्या कलमाखाली? एका चहापानात न्यायमूर्ती स्टोन यांच्याशी बोलताना बाईंनी ही अडचण काढली. स्टोन यांनी हळूच सुचवलं की सरकारकडे कर बसवायचा अधिकार आहे, तेवढा पुरे. बाई घरी आल्या त्या हे गुपित पोटात ठेवून, आणि समितीला त्याच रस्त्यानं नेलं. म्हणून गुरुजींच्या मुलाच्या स्लिपवरची ती ६.२ टक्क्यांची ओळ आपल्या प्रॉव्हिडंट फंडासारखी त्याच्या नावावरची शिल्लक नाही. तो कर आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

डिसेंबर उजाडला तरी समितीत एकमत होईना. बेकारीचा विमा केंद्रानं चालवायचा की राज्यांनी, यावर आज एक ठराव, उद्या दुसरा. नाताळ तोंडावर आला. बाईंनी सगळ्यांना घरी बोलावलं, टेलिफोन बंद केला, टेबलावर व्हिस्कीची मोठी बाटली ठेवली आणि निकाल लागल्याशिवाय कुणी उठायचं नाही असं बजावलं. रात्री दोनला निकाल लागला. बेकारीचा विमा राज्यांकडे, म्हातारपणाची पेन्शन केंद्राकडे.

आणि आरोग्य विमा? यादीतली ती एक ओळ समितीच्या टेबलावर होती. पण आपण आरोग्य विम्याचा नुसता अभ्यास करतोय एवढं कळताच डॉक्टरांच्या संघटनेनं देशभर रान उठवलं, प्रतिनिधींकडे तारांचा पाऊस पडला. हे कलम ठेवलं तर सगळंच विधेयक बुडेल, अशी धास्ती. ते बाजूला ठेवलं गेलं. पुन्हा तोच १९१२ चा हिशेब, आज एवढं घेऊ.

विधेयक काँग्रेसमध्ये गेल्यावर आणखी एक तुकडा गळाला. समितीनं शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया धरल्या होत्या. अर्थमंत्री मॉर्गेनथॉ यांनी येऊन सांगितलं की अशा विखुरलेल्या लोकांकडून कर वसूल करणं जमणार नाही. दक्षिणेकडच्या पुढाऱ्यांना ते हवंच होतं, कारण तिथे शेतात आणि स्वयंपाकघरात राबणारे बहुतेक काळे लोक. ते वगळले गेले. देशातल्या जवळपास निम्म्या कामगारांना पेन्शनचं दार बंद राहिलं. नियमित घरकामाच्या आणि शेतीच्या मजुरांसाठी ते १९५० पासून उघडू लागलं. बाईंवर सगळ्यांत मोठा आरोप आजही हाच होतो, आणि तो खोटा म्हणता येत नाही. आपल्या गल्लीत सकाळी चार घरची भांडी घासणारी बाई कुठल्या योजनेत बसते, हे विचारून बघा, म्हणजे पंधरा वर्षं वगळलं जाणं कसं असतं ते कळेल.

प्रतिनिधीगृहात ३७२ विरुद्ध ३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध ६ मतांनी विधेयक मंजूर झालं. १४ ऑगस्ट १९३५ ला रूझवेल्ट यांनी सही केली. त्या प्रसंगाचा फोटो प्रसिद्ध आहे. पुरुषांच्या घोळक्यात एकटी बाई, हॅट घातलेली. त्या दिवशी निघताना त्यांना निरोप आला होता की आजारी नवरा न्यूयॉर्कमध्ये कुठेतरी निघून गेलाय, सापडत नाही. सही होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या आणि नंतर नवऱ्याला शोधायला गाडी पकडली.

हिशेबाच्या बाजूनं बघायचं तर १९३७ पासून कामगाराच्या पगारातून १ टक्का आणि मालकाकडून १ टक्का, तोही वर्षाच्या पहिल्या ३००० डॉलरांवरच. सामान्य तिजोरीतून पैसा घालायला रूझवेल्ट तयार नव्हते. लोकांनी स्वतः भरलेलं असलं की कुणी पुढारी योजना मोडायला धजणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. तो बरोबर निघाला. महिन्याची पेन्शन मिळालेली पहिली व्यक्ती व्हरमाँटची आयडा मे फुलर. तीन वर्षांत तिनं भरले २४.७५ डॉलर. १९४० च्या जानेवारीत पहिला चेक आला २२.५४ डॉलरचा. बाई शंभर वर्षं जगली आणि एकूण २२,८८८.९२ डॉलर घेऊन गेली. असा परतावा कुठल्या पतसंस्थेनं सांगितला असता तर मी पोलिसांत कळवलं असतं. पण हा परतावा नव्हताच. कामावर असलेल्यांनी म्हाताऱ्यांना सांभाळायचं, अशी ती रचना होती.

१९३८ साली यादीतल्या आणखी तीन ओळींवर काट मारली गेली. ताशी २५ सेंट किमान वेतन, ४४ तासांवरून दोन वर्षांत ४० तासांवर येणारा आठवडा, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मजुरीवर बंदी. त्याच कायद्याखालचं केंद्राचं किमान वेतन आज ७.२५ डॉलर आहे आणि २००९ पासून त्यात एक सेंटही वाढलेला नाही.

पुढच्याच वर्षी बाईंवर महाभियोगाचा ठराव आला. ऑस्ट्रेलियात जन्मलेला गोदी कामगारांचा पुढारी हॅरी ब्रिजेस कम्युनिस्ट आहे, त्याला देशाबाहेर का काढत नाही, म्हणून. इमिग्रेशन तेव्हा कामगार खात्याखाली होतं. पुरावा नाही म्हणून बाई अडून बसल्या. दोन महिन्यांनी समितीनं ठराव गुंडाळला. बाईंच्या माथी मात्र संशयाचा शिक्का राहिलाच.

युद्धाच्या काळात बाकीचं जग पुढे सरकलं. ब्रिटनमध्ये १९४२ साली सर विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल आला. (हे गृहस्थ जन्मले आपल्याच उपखंडात, बंगालातल्या रंगपूरला.) त्यातून १९४८ साली तिथे सगळ्यांना मोफत उपचार देणारी आरोग्यसेवा उभी राहिली. आपल्याकडे बाबासाहेब कामगार खातं बघत असताना प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सोपवला गेला. त्यातून १९४८ सालचा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. ई.एस.आय. दवाखान्यातल्या रांगेबद्दल आपण कितीही कुरकुर करू, पण नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशानं कारखान्यातल्या कामगारासाठी जे लिहून ठेवलं, ते त्या वेळी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात नव्हतं.

आजही तेच. जर्मनीत आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा कायद्यानं मिळते, ब्रिटनमध्ये सणांच्या सुट्ट्या धरून २८. अमेरिकेत केंद्राच्या कायद्यानं खासगी नोकरीत एकही नाही. मालक देईल ती. बाळंतपणासाठी जर्मनीत १४ आठवडे भरपगारी. अमेरिकेत १९९३ च्या कायद्यानं १२ आठवडे, बिनपगारी, तेही पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे. आपल्याकडे २०१७ पासून २६ आठवडे, फक्त ज्यांची नोकरी त्या कायद्यात बसते त्यांना. देश श्रीमंत आहे म्हणून कामगाराला जास्त मिळतं असं नाही. कुठल्या साली कुणी काय सोडून दिलं, त्यावर ते ठरलेलं दिसतं.

रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलमध्ये वारले. जूनअखेर बाईंनी पद सोडलं. ट्रूमन यांनी सनदी सेवेच्या आयोगावर नेमलं, तिथे सात वर्षं. १९५२ च्या शेवटी नवरा गेला. वय बहात्तर, गाठीला फार काही नाही. मग व्याख्यानं, आणि १९५७ पासून कॉर्नेल विद्यापीठात कामगारविषयक शिकवणं. शेवटची पाच वर्षं त्या तिथल्या टेल्युराइड हाउस या वसतिगृहात तरुण मुलांबरोबर राहिल्या, त्यांच्या पंक्तीला जेवल्या, बागेत काम केलं. १४ मे १९६५ ला न्यूयॉर्कमध्ये गेल्या. त्याच मुलांनी खांदा दिला.

३० जुलै १९६५ ला, बाई जाऊन जेमतेम अडीच महिने झाले होते तेव्हा, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. पासष्ट वर्षांपुढच्यांना आरोग्य विमा. सगळ्यांसाठी नव्हे. यादीतली राहिलेली ओळ अर्धीच भरली. गुरुजींच्या मुलाच्या स्लिपवरचे १.४५ टक्के म्हणजे ती.

आता उत्तर. तो कर आहे, त्यामुळे देश सोडताना फॉर्म भरून परत मागता येत नाही. भरणाऱ्याचा त्या रकमेवर मालमत्तेसारखा हक्क नाही, असा निकालही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६० साली दिलेला आहे. तो खटला बल्गेरियातून आलेल्या एका माणसाचा होता. १९ वर्षं भरून त्याची पेन्शन देशाबाहेर काढल्यावर बंद झाली होती. पेन्शनचा हक्क लागायला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, म्हणजे दहा वर्षं. मुलगा जर्मनीत असता तर दोन्ही देशांतली वर्षं एकत्र धरायचा करार भारतानं केलेला आहे. अमेरिकेशी अजून नाही, बोलणी बरीच वर्षं चालू आहेत. त्यामुळे आठ वर्षांनी परत आलेल्या आपल्या पोरांचे पैसे तिथल्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनला जातात.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मुलाला फोन लावून त्याची किती क्रेडिट झालीत ते विचारलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं आकडे मांडले. ३१ झालीत. ९ राहिलीत. सव्वादोन वर्षं.